काजळीचं रक्त

भिला ठेलारीला नंदुरबारच्या त्या दवाखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. 'मेंढीवाला' म्हटलं की झालं. बायको देवाघरी गेली, पोरगा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, कळप विकून टाकला. उरलं काय? दवाखान्याच्या लॅबमागच्या पत्र्याच्या शेडमधली, त्याच्याकडे सांभाळायला दिलेली एक मेंढी. डोळ्यांभोवती काळं, म्हणून काजळी. भिला दिवसभर तिच्याशीच बोलायचा. दुसरं होतं कोण बोलायला!

काजळी पाळली होती रक्तासाठी. मेंदूज्वराच्या रोग्याच्या पाठीतलं पाणी लॅबमध्ये येई. त्यातला जंतू मेंढीचं रक्त घातलेल्या प्लेटवर वाढवायचा आणि वर औषधांच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती जंतू वाढला नाही, ते औषध रोग्याला लागू. लॅबच्या गायत्रीताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, हिला न विचारता औषध द्यायचं नाही. रक्तात औषध उतरलं की जंतू त्यानंच मरतो, प्लेट खोटं बोलते." आणि आजारी मेंढी ठेवायची नाही, बदलायची, हाही तिथला नियम.

आणि या गड्यानं नेमकं तेच केलं! काजळीचा खूर सुजला, ती लंगडायला लागली. सांगितलं तर नेतील, या धास्तीनं भिलानं दुकानातून इंजेक्शन आणलं आणि स्वतःच टोचलं. जन्म मेंढ्यांमागे गेलेला, सुईची सवय होतीच. सूज उतरली. त्यानं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

दोनच दिवसांनी गायत्रीताई बाटली घेऊन शेडमध्ये आल्या. "तोरणमाळची लहान पोर आहे. शुद्ध नाही. चालू औषधाचा उपयोग दिसत नाही, दुसरं कोणतं चालेल ते बघायचंय. धरा हिला."

भिलानं काजळीची मान धरली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? काजळी त्याच्या तळव्याला नाक घाशीत होती. पण तिकडे ती पोर, तिची आई...

"ताई, इनं रगत लेऊ नका. मी इले सुई देयेल शे."

"अहो बाबा! न विचारता इंजेक्शन दिलंत? पोरीच्या जिवावर बेतलं असतं!" गायत्रीताई संतापानं लाल झाल्या आणि तडक गाडी काढून निघाल्या.

लोणखेड्याजवळ एक कळप बसला होता. तिथल्या मेंढीचं रक्त सांजेपर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी प्लेटनं खरं सांगितलं: चालू औषधाला जंतू भीक घालत नव्हता, दुसऱ्या एका टिकलीभोवती मात्र साफ मेला होता. औषध बदललं. पोर हळूहळू शुद्धीवर आली, पाणी मागायला लागली. हे सांगायला गायत्रीताई स्वतः शेडमध्ये आल्या. मग जरा अडखळत म्हणाल्या, मेंढी बदलावी लागेल.

काजळीला लोणखेड्याच्या कळपात सोडायला भिलाच गेला. ही आपल्याला सोडून जायची नाही, पायात घुटमळेल, असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! दोरी सुटली तशी ती ओरडत कळपात घुसली आणि मधोमध, अंगाला अंग लावून उभी राहिली. भिलानं हाक मारली. पुन्हा मारली. एकही मान वर झाली नाही. इतकी वर्षं आपण हिला एकटीला कोंडून ठेवलं, हे त्याला तेव्हा कळलं आणि म्हातारा बांधावर बसून ढसाढसा रडला.

शेडमध्ये आता नवी मेंढी आहे. ती पहिल्या दिवशी रस्त्याकडे तोंड करून सारखी ओरडत होती. भिला तिच्याशेजारी ठाण मांडून बसला.

"वरड माय, वरड," तो म्हणाला. "मी आठेच शे."