खंडेनवमीच्या आधी ब्रेक

आधीच सांगतो, गाडी म्हणजे पांढरी, उंच आन् मागच्या काचेवर आडनाव लिहिलेलीच असावी असं ज्याला वाटतं, त्यानं पुढं वाचलं न्हाय तरी चालंल. आमच्या बेंबळीकडं तसलीलाच गाडी म्हणतात. म्या आणली ती जुनी, बुटकी, लाल, टर्बो पेट्रोल इंजिनची. पुण्यातल्या कुणीतरी पळवून पळवून दमवलेली, मग हौसेनं खोलून अर्धवट सोडलेली. कांदा टाकून रिकाम्या येणाऱ्या ट्रकात घालून आणली. गोठ्यात उतरवली तवा चुलतभाऊ म्हणला, "दावं बांध हिला. पळून जायची."

पळाली असती तर थांबली कशी असती? ब्रेकच नव्हते.

आन् माझं सगळं भांडण तिथंच हाय. जुनी फास्ट गाडी घेतली की लोक पहिलं काय करतात? सायलेन्सर कापतात. कळंबला आमच्या वळखीच्या एकानं कापला, सगळ्या बाजारपेठेला कळतंय हा आला म्हणून, आन् मागून एसटी त्याला ओव्हरटेक करून जाती. आवाज म्हणजे स्पीड न्हाय भावांनो. पहिलं ब्रेक, मग टायर, मग इंजिन थंड ठेवायचं बघा. ताकद सगळ्यात शेवटी. दिसत न्हाय तिथं खर्च करा. म्या तेच केलं, म्हणून घरात येडा ठरलो. सहा महिने काम करून बाहेरून गाडी होती तशीच.

शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, निकाल लावला. आमच्या घरात खंडेनवमीला अवजारांची पूजा असती, पण जे चालतं त्याचीच. बंद पडलेल्या मोटरीला अण्णा कुंकू लावत न्हाईत. ते म्हणले, "त्या दिवशी ती सोताच्या चाकावर अंगणात आली तर घरातली. न्हाय आली तर दसरा झाला की ढोकीच्या भंगारवाल्याला फोन."

नवमीच्या सकाळी इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. अंगणात ट्रॅक्टर धुवून उभा, त्याच्याशेजारी विळे, नांगर, पाण्याची मोटर. अण्णा ताट घेऊन थांबलेले. आन् माझा ब्रेकचा पेडल दाबला की पार खाली. चाक धरणारे ब्रेकचे नवे कॅलिपर आदल्या दिवशी एकदाचे मिळाले तवा बसवलेले, ब्रेक ऑइलच्या पायपातली हवा काढायची राहिली होती.

चुलतभाऊ म्हणला, "चार पावलं तर न्यायचीय. हँडब्रेक वढ की."

"अंगण उताराचं हाय. खाली हीर हाय."

"मग पोहायला शिकव तिला."

अण्णा म्हणले, "येतीया का न्हाय? मुहूर्त निघून चाललाय."

"ब्रेक लागल्याशिवाय न्हाय आणणार. तुम्ही भंगारवाल्याला बोलवा, मला चालतंय."

चालत नव्हतं, पण बोललो.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचा, दुसऱ्यानं चाकापाशी नट ढिला करायचा. चुलतभाऊ तर हसण्यात गुंग. तेवढ्यात पुरणाचे हात पदराला पुसत आई आली आन् सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

"काय करायचं?"

"दाब म्हणलं की दाब. सोड म्हणल्याशिवाय सोडू नको."

"दाबलं."

"धर."

"धरलंय. माझी पोळी करपंल."

"सोड. परत दाब."

"आरं हे तर लोण्यात पाय घातल्यावानी लागतंय."

चारी चाकं झाली. बुडबुडे यायचे थांबले. मी विचारायच्या आधीच आई म्हणली, "आता कडक लागलं बघ. जातच न्हाय खाली." आन् उतरून चुलीकडं गेली.

मी गाडी हळूच बाहेर काढली, उतारावर आणली, ट्रॅक्टरशेजारी थांबवली. अण्णांनी कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग मला म्हणले, "सरक. मला चालवून बघू दे."

अण्णांना आमच्या जुन्या जीपची सवय, तिचा ब्रेक दोनदा हापसल्याशिवाय लागत न्हाय. त्यांनी इथं पण तसाच जोर लावला. गाडी जाग्यावर गपकन थांबली आन् अण्णांची टोपी डॅशबोर्डवर.

चुलतभाऊ हसायला गेला, अण्णांनी नुसतं बघितलं, तसा तो ट्रॅक्टर पुसाय लागला.

त्यांनी गाडी मागं घेतली. परत पुढं आणली, परत दाबला. मग आणखी एकदा. टोपी मांडीवरच ठेवलेली.

"लईच धरतंय," म्हणले.

"त्याच्यासाठीच केलंय."

ते उतरले, ताट उचललं. आन् जाता जाता म्हणले, "परवा त्या ढोकीवाल्याला येऊ दे. जीपच दाखवू त्याला."

आता लोक इच्यारतात, कवा पळवणार. आधी टायर बदलणार हाय. काय म्हणायचं ते म्हणा.