अक्कांच्या अहवालावरून हात फिरवणार नाही

निर्मलाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या कॉलेजात पेपर तपासत होतो. महिना झाला. दुःख आहेच, पण खोटं कशाला बोलू, राग जास्त आहे. शोकसभेत त्यांचे विभागप्रमुख म्हणाले, "बाईंचं संशोधन काळाच्या पुढे होतं." आणि ह्याच गृहस्थांनी ते इतकी वर्षं अडवून धरलं होतं.

अक्का आमच्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि दर शनिवारी एस.टी.नं धुळ्याला जाऊन एका खोलीत बायकांचं समुपदेशन करायच्या. पद्धत व्यक्तिकेंद्रित... उपदेश नाही, समोरच्या माणसाचं मन त्याच्याच वाटेनं समजून घ्यायचं. पण ती पद्धत पुस्तकात लिहून संपली, हे त्यांना मान्य नव्हतं. आपल्याकडे ती कुठं अडते ते तपासायला हवं, म्हणायच्या. म्हणून बायकांना विचारून त्यांचं बोलणं कॅसेटवर घ्यायच्या आणि उतरवायला मला द्यायच्या. मी पडलो मराठीचा मास्तर. बायकांच्या सगळ्या अहिराणीचं शुद्ध मराठी करून टाकलं आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

अक्कांनी तो कागद शिरपूरकडच्या एका बाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अक्का, हाई मनं बोलनं नई शे." हे माझं बोलणंच नाही, म्हणे. अक्का माझ्यावर चिडल्या नाहीत. "भाऊ, तुम्ही कागदावर केलंत, मी तर तिच्या तोंडावर करते," म्हणाल्या. उरलेल्या कॅसेट त्यांनी पुन्हा ऐकल्या. जिथं जिथं त्या शहरी मराठीत बोलल्या होत्या, तिथं बाई गप्प झाली होती. मग त्या अहिराणीत बोलू लागल्या. प्रत्येक बैठकीनंतर "माझं कुठं चुकलं?" असं बाईलाच विचारून आपली रीत बदलू लागल्या. हेच सगळं अहवालात लिहिलं. तो विभागप्रमुखांकडून परत आला, शेरा मारून: भाषा अशुद्ध, प्रमाण मराठीत लिहावे. अक्कांनी एक अक्षर बदललं नाही.

शोकसभा संपल्यावर प्रमुख मला म्हणाले, "आता छापून टाकू. तुम्ही फक्त भाषेवरून हात फिरवा." अक्का नाही म्हणायला उरल्या नाहीत, म्हणून ही हिंमत. "छापायचं तर आहे तसंच," मी म्हणालो आणि निघून आलो.

परवा धुळ्याच्या खोलीत अहवालाची त्यांची प्रत मिळाली. पहिल्यांदाच नीट वाचली. सुरुवातीची कितीतरी पानं कोरी आहेत. माझा कागद तयार झाला की त्याच कॅसेटवर पुढच्या बाईचं बोलणं भरायचं, अशी तेव्हा आमची रीत होती. मूळ बोलणं त्यात गेलं, उरलं फक्त माझं शुद्ध मराठी, आणि ते अक्कांनी अहवालात घेतलं नाही. कोऱ्या पानांच्या माथ्यावर अक्कांच्या अक्षरात एकच ओळ आहे: 'ह्या बायांचं बोलणं आम्ही पुसलं.'

आम्ही, असं लिहिलंय. दोष माझा, पण माझं नाव कुठंच नाही.