एक गणित चुकवून यायचं

आमच्या साडूंइतका हुशारीला घाबरणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. उमरग्यात हायवेच्या कडेला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार कशानं जळाली, हे ते नुसत्या वासावरून सांगतात. पण शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर ती मालिका लागली, की शटर अर्ध्यावर येतं. मालिकेत अचाट बुद्धीची मुलं हेरून डोंगरातल्या प्रयोगशाळेत नेतात आणि खेळाच्या नावाखाली त्यांच्याकडून लष्करासाठी शस्त्रं बनवून घेतात. साडूंना हे सगळं खरं वाटतं. शेजारीण मुलाच्या शिष्यवृत्तीचे पेढे घेऊन आली, तर यांनी आधी दार लावलं, मग पेढा तोंडात टाकला. "वैनी, गावभर सांगत फिरू नका. लेकरू उचलून नेतेत!"

मीही हसलो असतो, पण माझी मुक्ता त्यांच्या नादी लागली होती. वीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतोय आणि माझी नववीतली मुलगी शंका विचारायला त्यांच्या तांब्याच्या तारांत जाऊन बसते! माझा जळफळाट व्हायचा, लपवत नाही. मागच्या परीक्षेत तिला गणितात अठ्ठ्याण्णव पडले. दोन मार्कांचं सगळ्यात सोपं गणित तिनं कोरं सोडलं होतं. "काका म्हणले, एक गणित चुकवून यायचं. पैकीच्या पैकी पडले की त्या उचलून नेणाऱ्यांची नजर पडते." त्या दिवशी मी जेवलो नाही.

यंदा तिनं साडूंच्या दुकानात बसून ज्वारीवरची पाखरं हाकलणारं ड्रोन बनवलं. शाळेच्या प्रदर्शनात पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचे साहेब आले होते. "वजन किती उचलेल?" त्यांनी विचारलं. साडूंच्या आधी बोलायचं म्हणून मीच पुढं झालो, "दोन किलो सहज!" साहेब खूश झाले. आम्ही फौजेसाठी ड्रोन बनवतो, म्हणाले. उद्या वजनासकट उडवून दाखवा, यंत्र आम्ही घेऊ आणि मुलीला शिकायला पुण्याला नेऊ. मुक्ता ड्रोनचा पंखा बोटानं फिरवत राहिली. साडूंचा चेहरा पार उतरला. "आन् त्यातून खाली काय टाकणार, साहेब?" साहेब नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर साडू भीतीनं पाठ करून उभे राहिले. मुक्तानं बटण दाबलं. ड्रोन घुरघुरलं, जमिनीला चिकटून थरथरलं, पण उठेना. मला लगेच दिसलं, चारी पंखे उलटे बसवले होते. आदल्या संध्याकाळी ते सुलटे होते. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात मुक्तानं पाहिलं, काकांकडे नाही, माझ्याकडे. मी गप्प बसलो. साहेब घड्याळ बघत निघून गेले.

तेव्हापासून साडू हळहळतात. "मोटारी म्या बांधल्या हुत्या, माझ्याच कामात खोट निघाली. लेकराचं लई नुकसान केलं की हो म्या." त्यांना खरं सांगून टाकायला हवं, कळतं मला. पण मुक्ता हल्ली संध्याकाळी वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसते आणि मी अजून सांगितलेलं नाही.