प्रश्नचिन्हाची बातमी

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बंगाली जोडपं भाड्याने राहायला आलं. नवरा मिठाईच्या दुकानात कारागीर. बायको घरीच असायची, मोडकंतोडकं हिंदी बोलायची. आईशी तिची लगेच गट्टी जमली.

मग एका सकाळी पेपरात बातमी आली, 'शहरात परदेशी घुसखोर?' कोण, कुठे, काहीच लिहिलं नव्हतं. प्रश्नचिन्ह तेवढं ठळक होतं. वडिलांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून मला विचारलं, "खालचे लोक नक्की कुठले गं?"

वडील शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. छापून आलंय म्हणजे काहीतरी असणारच, हे त्यांचं ठाम मत. आईने त्या बाईला गावाचं नाव विचारलं, वडिलांनी ते मोबाइलच्या नकाशावर शोधलं.

"बघ, सीमेला चिकटूनच आहे."

"पण अलीकडेच आहे ना, बाबा?"

"पलीकडून अलीकडे यायला कितीसा वेळ लागतो?"

त्यानंतर सगळंच संशयाचं झालं. ती दार लावून घेते, म्हणजे काहीतरी लपवते. उघडं ठेवते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवते. तिने दिलेले संदेश मिठाईचे तुकडे आईने दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवले आणि मग गुपचूप कामवालीला देऊन टाकले. मला संशय यायचा तो बातमी लिहिणाऱ्याचा. त्याला खरंच काही माहीत असतं, तर प्रश्नचिन्ह कशाला लागलं असतं?

एकदा वडील जिन्यात आत्याशी फोनवर बोलत होते, तेलुगूत. आमच्या घरात तेलुगूच बोलतात. पणजोबा मागावर काम करायला सोलापुरात आले आणि इथलेच झाले. वरच्या मजल्यावरचे नवे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

"सोलापूरचा."

"ते झालं हो. पण मूळचे?"

वडील घरात आले. चहा समोर निवला. म्हणाले, "यांच्यासारख्यांच्या पोरांना मराठी शिकवण्यात हयात गेली माझी."

त्याच आठवड्यात पोलीस आले. कुणीतरी तक्रार केली होती. मी वडिलांकडे पाहिलं.

"मी नाही," ते न विचारताच म्हणाले. ते खरं बोलत होते का, हे मला आजही सांगता येणार नाही.

पोलिसांनी खालच्या दोघांची कागदपत्रं पाहिली, गावाकडे फोन लावला. सगळं ठीक निघालं. पोलीस निघून गेले. वडील नंतर रोज पेपरात त्याबद्दल काही आलंय का ते शोधत राहिले. शेवटी स्वतःच पेपरच्या कचेरीत गेले. घुसखोर वगैरे कुणी नव्हतं, हेही छापा म्हणाले. टेबलामागचा तरुण अदबीने हसला. "काका, काही निघालंच नाही, मग बातमी कशाची?"

ते जोडपं अजून इथेच राहतं. तिला मराठी वाचता येत नाही. परवा आई दूध घ्यायला खाली गेली, तेव्हा तिने दार किलकिलं करून विचारलं, "आंटी, आज पेपर में हमारा कुछ लिखा है क्या?"

"नहीं, कुछ नहीं," आई म्हणाली.

त्या दिवशीचा पेपर आईने अजून उघडलाही नव्हता.