आयनं वाटलेल्या बाबाच्या गोळ्या

पोरींनो, डोळखांबच्या स्टँडवर बाबा मला सोडायला आला तो दिवस आठवला की हसूपण येतं नि वैतागपण. एष्टी येईपर्यंत भेटेल त्याला सांगत होता, "पोर डाक्टर व्हायला चाललीय." मी म्हटलं, "बाबा, नर्स!" तर म्हणे, "तेच गो, इंजेक्शन तर देशील ना?" आय नुसतं नाचणीचं पीठ पिशवीत कोंबत होती.

वाटलं, सुटले! कल्याणचं हॉस्टेल, जीएनएम नर्सिंगचं दुसरं वर्ष, सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर. आणि पोस्टिंग लागलं कुठं? आमच्याच पाड्यात! घरोघर बीपी तपासायचं नि फॉर्म भरायचा.

युनिफॉर्ममध्ये स्वतःच्याच घरी गेले. आय म्हणते, "बसा मॅडम, पाणी देऊ?" जोडीला पोस्टिंगवर आलेली मैत्रीण खो खो हसली. बाबाचं बीपी घेतलं तर वरचं एकशे ऐंशी! परत घेतलं, तेवढंच! "बीपीच्या गोळ्या घेतो ना?" आय झटकन म्हणाली, "रोज घेतात." डबा उघडला तर रिकामा! बाबा हळूच बोलला, "तुझी आय वाटते ना त्या."

"वाटते??"

"मग?" आय अजिबात लाजली नाय. "कोणाचं डोकं दुखतं, कोणाला चक्कर येते. नर्सची आय म्हणून माझ्याकडं येतात. नाय कसं म्हणू?"

डोक्याला हात! बीपीची गोळी अख्ख्या पाड्याला! अगं, बीपी नसलेल्याला दिली तर माणूस आडवा होईल! मी नि मैत्रीण, आमी दोघी भर उन्हात घरोघर गोळ्या परत मागत फिरलो. शेजारची काकी तर देईचना. "तुझ्या आयच्या हाताला गुण हाय. तू आत्ता कुठं शिकतेस." बोला आता!

बाबाला आरोग्य केंद्रात नेऊन नवीन गोळ्या आणल्या. आयवर एवढी ओरडले की ती रडली. निघताना बोललीपण नाय माझ्याशी.

आणि आता? रोज सकाळी, मी नेमकी वॉर्डात असताना आयचा फोन. "बाबानं गोळी घेतली." बास, कट! त्यापायी सिस्टरची बोलणी खाते मी. काल परत वाजला. "काकीला चक्कर येते गो." मी पॅसेजमध्ये जाऊन ओरडलेच, "आय, काय पण देऊ नको हां तिला!"

"नाय दिलं. रिक्षात घालून केंद्रात आणलीय. नंबर लागायचाय."

मला वाटायचं घर मागं राहिलं. कसलं मागं! मी इथं इंजेक्शन भरत असते, नि घर तिकडं केंद्राच्या बाकावर बसलेलं असतं, काकीचा हात धरून.