तब्येत ज्याची त्याची

पेपरवाले काकाजी कुणालाही ‘बरं आहे ना?’ असं विचारत नसत. लाखनीच्या हायवेवर समोरून माणूस कुबड्या टेकत आला तरी ते धानाचा विषय काढायचे, पावसाचा काढायचे, फार झालं तर त्याच्या सासरवाडीचा. पायाकडे नजरसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत. नवख्याला वाटे, या माणसाला काळीज आहे की नाही. आम्हाला कारण ठाऊक होतं, म्हणून आम्ही हसू दाबून धानाबद्दल बोलायचो.

काकाजींचं किराणा दुकान होतं, पण जीव सगळा बातम्यांत. नागपूरच्या एका पेपराचे ते लाखनीचे वार्ताहर. कुस्ती, कबड्डी, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, जे म्हणून धावेल किंवा आपटेल ते त्यांच्या हद्दीतलं. बातमीचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं आणि छापून आली की स्वतःचीच वाक्यं पहिल्यांदा वाचतोय अशा थाटात गिऱ्हाइकांना वाचून दाखवायची. साखर तोलायची राहून जायची.

सत्तर सालानंतरची गोष्ट. शहापूरला कुस्त्या होत्या. त्याआधी काकाजींनी एका पैलवानाला मायेनं विचारलं, “खांदा कसा हाये?” त्यानंही मोकळेपणी सांगितलं की उजवा दुखतो. काकाजींनी ते छापून आणलं. समोरचा पैलवान पेपर वाचूनच आखाड्यात उतरला आणि सरळ उजव्या खांद्यालाच लागला. आपला पैलवान पुढं कितीतरी महिने डाव्या हातानं जेवला. काकाजींनी कानाला खडा लावला. “खेळ गावाचा गा, तब्येत ज्याची त्याची,” ते म्हणायचे.

या नियमातून बैलही सुटले नाहीत. एका शंकरपटात एक बैल लंगडत होता, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. काकाजींनी लिहिलं, ‘डावा बैल आज काहीसा विचारात दिसला.’ बैलाच्या मालकानं दुकानात पेढे आणून दिले. घरी काकू तापानं फणफणल्या तरी काकाजी भाजी कोणती एवढंच विचारायचे. “तुमीच करा, मंग समजन,” काकू पांघरुणातून म्हणायच्या.

मी तेव्हा लाखनीच्या कबड्डी संघाचा चढाईपटू होतो. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत सामने चालायचे. आंबागडच्या एका मुलीशी माझं लग्न जुळत आलं होतं. मुलगी मला मनापासून आवडली होती. तिचे वडील अंतिम सामना बघायला येणार होते. जावई मैदानात पाहायचा आणि मग सुपारी फोडायची, असं त्यांनी ठरवलेलं. ऐन वेळी मला केसतूड झालं. कुठं ते विचारू नका. बसता येत नव्हतं, एवढं सांगतो.

मी खेळत नाही म्हटल्यावर गावाला विषय मिळाला. लाजेपायी मी कुणाला काही बोललो नाही. एक म्हणे मिरगी, दुसरा म्हणे छातीत पाणी. बातमी आंबागडला पोचेपर्यंत मी मरणाला टेकलो होतो. तिकडून नागपूरच्या संपादकांचाही निरोप आला, कारण कळवा. काकाजी घरी आले. मी खाटेवर पालथा.

“औंदा धान बरं झालं,” ते म्हणाले.

“झालं.”

“दामू, मी इचारत नाही. तुले सांगाचं असन त सांग. पन छापू का नको, हेही सांग.”

“नोका छापू काकाजी. लगन मोडन.”

“मंग मले सांगूच नोको. माह्या पोटात रायत नाही.”

आणि त्यांनी बातमी दिली, ‘दामोदर खेळणार नाहीत. कारण त्यांचे त्यांना ठाऊक आहे.’

झालं. हे वाचून मुलीच्या वडिलांची खात्रीच पटली. ते सरळ दुकानात येऊन धडकले. “पोरगा धडधाकट हाये का नाही, हो नाही त सांगा.” एका शब्दानं माझं लग्न वाचलं असतं. पण काकाजी म्हणाले, “तब्येत त्याची. त्यालेच इचारा,” आणि हाताला धरून त्यांना आमच्या घरी घेऊन आले.

मी सगळं सांगितलं. पण बाप तो बाप, त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. ती तपासणी चालू असताना काकाजी भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांसमोर पेपर धरून उभे होते. पेपर उलटा होता.

“एवढंच?” मुलीचे वडील म्हणाले. “हे त मलेही झालतं.” आणि ते इतके हसले की खाटेचा आधार घ्यावा लागला.

“मी काही ऐकलं नाही,” काकाजी भिंतीला म्हणाले. सुपारी त्याच आठवड्यात फुटली.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा काकाजी भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. मी आणि बायको भेटायला गेलो. आत एका वेळी एकालाच सोडत होते. खाटेवर नुसती हाडं उरली होती. मला त्यांची फार माया आली, आणि जे तोंडात आलं ते बोललो. धान कसं आहे, कबड्डीत कोण जिंकलं. काकाजींनी नीट उत्तरं दिली.

“दामू,” ते म्हणाले, “सारी लाखनी येऊन गेली गा. जो येते तो धानाचंच बोलते. मले कसं वाटून रायलं, हे एकही नाही इचारत.”

मी स्टूल जवळ ओढलं. “काकाजी, तब्येत कशी हाये?”

त्यांचा चेहरा उजळला. पोट, पाय, झोप, डॉक्टर काय म्हणाला, रात्री काय वाटतं, भीती कशाची वाटते, सगळं सांगितलं. मधे एकदा माझा हात धरला तो सोडलाच नाही.

बाहेर आलो तर बायको दारातच उभी. “कशी हाये काकाजीची तब्येत?”

“त्यालेच इचार,” मी म्हटलं.

ती आत गेली. काकाजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.