मामूंच्या अंगातली भाऊबंदकी

भर मे महिन्यात दुबईत थंडी वाजणारा माणूस सबंध आखातात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा सख्खा मामू निघाला. साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या खाडीकाठी, देरा नावाच्या वस्तीत आम्ही रत्नागिरीकडची माणसं एका घरात दाटीवाटीने राहायचो, ओले पंचे अंगावर घेऊन निजायचो, आणि मामू लोकरीचे हातमोजे चढवून, कानाला मफलर गुंडाळून दुकानाला निघायचे. "यल्ला, चल, वारा सुटलाय," असं ते म्हणाले की रस्त्यावरची गाढवंसुद्धा थांबून बघत असावीत. मोजे काढले आणि जरा गार वस्तूला हात लागला, की बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लालभडक व्हायची. दुकानाचा मालक, आमचा अरबाब, रोज हात मिळवताना विचारायचा, "हबीबी, आज कुठला रंग?" मामूंचा चहा तर निव्वळ धरण्यासाठी असे. दोन्ही तळव्यांत पेला घट्ट धरून ते बसत, निवला की दुसरा मागवत. पीत का नाही, म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "प्यायलो तर धरू काय?"

हळूहळू बोटांची कातडी ताणून चकचकीत झाली, मूठ मिटेना, तोंडसुद्धा पुरतं उघडेना. तेव्हा आम्ही एका इंग्रज डॉक्टरला गाठलं. मी मॅट्रिक, म्हणून दुभाष्या मी. डॉक्टरने आजाराचं जे नाव सांगितलं ते मला तेव्हाही उच्चारता आलं नाही. पुढचं तर सगळंच डोक्यावरून गेलं. शरीराचे शिपाई म्हणे आपल्याच घराला शत्रूचं समजतात, मुळापासून बरा करणारं औषध नाही, ऊब ठेवा, जखम होऊ देऊ नका, विडी सोडा. मी घाम पुसत जमेल तसं मराठीत केलं आणि मामूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते एकदम खुलले होते. "म्हणजे भाऊबंदकी! मग एवढं इंग्रजी कशाला?" गावी एका कलमी आंब्यावरून चुलतभावांशी त्यांचं अर्धं आयुष्य कोर्टात गेलं होतं. त्यांनी मला समजावलं, "अशा केसमध्ये जिंकायचं नसतं रे. पुढची तारीख घ्यायची, बस." त्या दिवसापासून ते तारखा घेऊ लागले. दुपारी किनाऱ्यावरच्या तापल्या वाळूत हात पुरून बसायचे, संध्याकाळी बोटांना खोबरेल चोळायचे. रागावलं की बोटं पांढरी पडतात असं ध्यानात आल्यावर त्यांनी भांडणं सोडली, आणि भांडण हा तर त्यांचा एकुलता एक छंद होता. विडीला ते "विरुद्ध पार्टीचा वकील" म्हणत आणि एवढ्या एका वकिलाला अधूनमधून चोरून भेटतही.

पुढे बोटांच्या टोकांना जखमा झाल्या आणि घरात कुजबुज सुरू झाली. महारोग. आम्ही सगळे एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवणारी माणसं. एका रात्री मामूंसमोर वेगळी ताटली आली. मामू मोजे काढून भिंतीकडे तोंड करून जेवले. डॉक्टरांनी सांगितलंय, हे लागत नाही, असं मी म्हणालो. पण मग काय आहे, असं विचारल्यावर शिपाई, घर, शत्रू यांची मी अशी खिचडी केली की दोघं जण आणखीच दूर सरकले. मामू परत गावी जायच्या गोष्टी करू लागले. वेगळ्या ताटलीत जेवायचं तर परदेशात कशाला, असं त्यांचं म्हणणं.

घरात वडील माणूस म्हणजे आमचे स्वयंपाकी. सगळे त्यांना खालू, म्हणजे मावसा, म्हणत. त्यांनी मामूंनाच विचारलं, "खरं सांग, काय झालंय तुला?"

"भावकी आहे, खालू. माझीच माझ्या अंगाशी."

खालूंनी दाढी कुरवाळली. मग बाकीच्यांना म्हणाले, "माझीही गावी भावकी आहे. ती आजवर तुमच्यापैकी कोणाला लागली?" डॉक्टरांच्या शब्दाने जे झालं नाही ते एवढ्यावर झालं. खालूंनी ताटली उचलली आणि मामूंना थाळ्याशी आपल्या शेजारी बसवलं. बोटांत घास धरवत नव्हता, तोंडात मावत नव्हता; तर खालू बोराएवढे घास वळून त्यांच्या बाजूला सारत राहिले. हळूहळू आम्ही सगळेच तसे घास वळू लागलो. ज्याच्या हाताशी मामू, त्याने वळायचे, असा रिवाजच पडला.

मामूंना पुढे पुष्कळ तारखा मिळाल्या. शेवटची मात्र मिळाली नाही; गावी, एका पावसाळ्यात ते गेले. त्यांना नेमकं काय झालं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. आता शारजात माझ्या घरी जेवताना मुलं विचारतात, "अब्बा, व्हाय सो स्मॉल?" मी बघतो, तर माझ्या ताटाच्या कडेला बोराएवढे घास वळून ठेवलेले असतात, आणि शेजारी कोणी नसतं.